नगर परिषदेच्या वार्डातून उभं राहायचं आहे? आधी मतदार यादी हातात घ्या

इंदूरजवळच्या राऊमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "राजेंद्रनगरचं जुनं घर सोडून आम्ही राऊला प्लॉट घेऊन घर बांधलं, त्याला बरीच वर्षं झाली. कॉलनीतलं पाणी, ड्रेनेज, रस्त्यावरचे दिवे यांसाठी मी सारखी नगर परिषदेत जात असते. आता गल्लीतले लोक म्हणतात, 2027 ला पार्षद (नगरसेवक) म्हणून तुम्हीच उभ्या राहा. आमचा कोणत्याच पक्षाशी संबंध नाही. पैसा बेताचा आहे. वार्डात मराठी घरं थोडीच आहेत. यजमान सरकारी शाळेत शिक्षक आहेत. मी उभं राहावं का? राहायचं तर सुरुवात कुठून करू?"

ताई, राहा. कारण तुमच्या पत्रातच आहे: नगर परिषदेत कोणत्या टेबलावर कोणता कागद जातो हे तुम्हाला आजच माहीत आहे. निवडून आल्यावरही बऱ्याच पार्षदांना ते वर्षभर कळत नाही. इंदूरच्या वार्डांत आणि महूगाव, बेटमा, देपालपूर अशा आसपासच्या लहान गावांत उमेदवारांचा निर्वाचन अभिकर्ता, म्हणजे निवडणूक प्रतिनिधी, म्हणून मी बरीच वर्षं काम केलं आहे. त्यावरून सांगतो, लहान गावातला वार्ड सभेने जिंकला जात नाही, फ्लेक्सने तर नाहीच. तो मतदार यादीवर जिंकला जातो, आणि यादीचं काम मतदानाच्या किमान वर्षभर आधी सुरू व्हावं लागतं. मागच्या वेळी, 2022 मध्ये, मध्य प्रदेशात नगरीय निकायांचं, म्हणजे महापालिका आणि नगर परिषदांचं, मतदान 6 आणि 13 जुलैला झालं होतं. निकायाची मुदत पाच वर्षांची असते. तेव्हा तुमच्या हातात किती वेळ उरला आहे याचा हिशोब आजच मांडा.

विधानसभेची यादी आणि नगर परिषदेची यादी एकच, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. लोकसभा-विधानसभेची यादी भारत निर्वाचन आयोगाची. नगर परिषदेची यादी मध्य प्रदेश राज्य निर्वाचन आयोगाची, आणि ती वार्डवार लावलेली असते. आधार पहिल्या यादीचाच घेतात, पण तिची वार्डांत वाटणी करताना घोळ होतात. गल्लीची डावी बाजू एका वार्डात आणि उजवी दुसऱ्या वार्डात असेल, तर डावीकडची दहा घरं सरसकट उजवीकडे जाऊन बसतात. एकाच घरात सासरे या वार्डात आणि सून त्या वार्डात असंही होतं. 2022 मध्ये इंदूर शहरातही मतदानाच्या दिवशी लोक हातात ओळखपत्र घेऊन बूथवर उभे होते आणि नाव यादीत नव्हतं. त्या क्षणी कुणालाच काही करता येत नाही. 2025 च्या नोव्हेंबरात आपल्याकडे मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे एसआयआर, सुरू झालं. तेव्हा अनेकांनी फॉर्म भरून दिले आणि आता आपलं काम झालं असं ते समजतात. ते काम विधानसभेच्या यादीचं होतं. नगर परिषदेच्या यादीत आपलं नाव योग्य वार्डात आहे की नाही, हे पुन्हा वेगळं पाहावं लागतं.

म्हणून पहिलं काम हे करा. मागच्या निवडणुकीची तुमच्या वार्डाची यादी मिळवा आणि तिच्या दोन फोटोकॉपी काढा. एक वही घ्या, प्रत्येक गल्लीला दोन-चार पानं द्या, आणि यादी घेऊन घरोघर जा. प्रचाराला नाही, यादी तपासायला. दारात उभं राहून एवढंच म्हणा, "तुमच्या घरातली नावं बरोबर आहेत का, पाहून घेऊ." या कामासाठी कुणी दार लावून घेत नाही. वहीत लिहायचं ते असं: घरात राहणारी पण यादीत नसलेली माणसं, यादीत असलेली पण वारलेली किंवा गाव सोडून गेलेली माणसं, अठरा पूर्ण झालेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना आणि सासरी गेलेल्या मुली, चुकून दुसऱ्या वार्डात गेलेली घरं. सोबत मोबाइल नंबर. राऊसारख्या गावात, जिथे खंडवा-खरगोनपासून बिहारपर्यंतची कुटुंबं पीथमपूरच्या कारखान्यांमुळे येऊन राहिली आहेत, तिथे राहणारा इथला आणि मत गावाकडे, अशी घरं पुष्कळ निघतात. त्यांना नाव इकडे आणायचं आहे का हे विचारा. आग्रह करू नका, फक्त रीत समजावून सांगा.

आयोगाची प्रारूप यादी निघाली की दावे-आपत्तीसाठी, म्हणजे नावं घालण्याच्या अर्जांसाठी आणि हरकतींसाठी, थोडेच दिवस मिळतात. ज्याच्याजवळ वही तयार असते तो त्या दिवसांत शेकडो अर्ज नीट भरून देऊ शकतो. ज्याच्याजवळ नसते तो तेव्हा कुठे गल्ल्या शोधत फिरतो. आणि एक आग्रहाने सांगतो: ज्यांचं मत तुम्हाला मिळणार नाही हे स्पष्ट आहे, त्यांचंही नाव तितक्याच काळजीने नोंदवा. विरोधकाच्या भावाचं नाव गळलं असेल तर त्याच्याकडेही जा. मताचा हक्क त्याचाही आहे, आणि ज्याला पार्षद व्हायचं आहे त्याला वार्डातला प्रत्येक माणूस आपला मानावाच लागतो. त्याची सुरुवात इथून होते.

आता आकडे. धरून चाला की तुमच्या वार्डात 2000 मतदार आहेत आणि 70 टक्के मतदान झालं. म्हणजे 1400 मतं. उमेदवार पाच असतील, त्यांतले दोन पक्षांचे, तर 500 ते 550 मतं घेणारा निवडून येऊ शकतो. घरात सरासरी चार मतं धरली तर ही साधारण 135 घरं झाली. 135 घरं हा आवाक्यातला आकडा आहे. एवढ्या घरांतल्या प्रत्येकाला तुम्ही नावाने ओळखू शकता, त्यांच्या आजारी सासूबाईंची चौकशी करू शकता, मुलाच्या दहावीच्या निकालाची आठवण ठेवू शकता. वहीत प्रत्येक घरापुढे तीनपैकी एक खूण करा: नक्की आपलं, बोलणं व्हायचं आहे, दुसरीकडे बांधलेलं. दर महिन्याला खुणा पुन्हा तपासा आणि स्वतःशी अगदी खरं राहा. "काळजी करू नका ताई, आम्ही तुमच्याच सोबत" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक दारात ऐकायला मिळेल, कारण आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणण्याची रीत नाही. नक्की आपलं तेच घर, जिथला एक तरी माणूस तुमच्यासोबत शेजारच्या घरी यायला तयार होतो.

मराठी मतांबद्दल तुम्ही संकोचाने लिहिलं आहे. तो संकोच सोडा, आणि तो हिशोबही सोडा. इंदूरची मराठी माणसं निवडणुकीला उभी राहिली की पहिल्यांदा महाराष्ट्र मंडळ, गणेशोत्सव, हळदीकुंकू इकडेच वळतात, कारण तिथे बोलायला सोपं जातं. तिथले सगळे लोक कौतुक करतात, आणि त्यांतल्या अर्ध्यांचं मत दुसऱ्याच वार्डात असतं. सुमित्राताई महाजन यांचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. 1982 मध्ये त्या इंदूर नगर निगममध्ये (महापालिकेत) पार्षद झाल्या, 1984 मध्ये उपमहापौर, 1989 मध्ये माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवून खासदार, आणि 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष. एकाच मतदारसंघातून सलग आठ वेळा निवडून येणं मराठी मतांवर शक्यच नव्हतं, कारण या शहरात मराठी माणूस अल्पसंख्य आहे. सगळं शहर त्यांना ताई म्हणतं, आणि म्हणणाऱ्यांत मालवी, सिंधी, जैन, पंजाबी सगळे आहेत. पक्षाची ताकद त्यांच्यामागे होती हे खरंच आहे. पण मराठी घरातली बाई माळव्याची होऊ शकते, हेही त्यांनी वार्डापासून सुरुवात करून दाखवलं.

तुमच्या वार्डात जुनं गाव असेलच: खाती, कलोता, बलाई समाजाची घरं, जिथे अजून आपसांत मालवी बोलतात. नव्या कॉलनीतली माणसं या जुन्या वस्तीकडे पाठ करून राहतात, आणि जुन्या वस्तीला ते सलतं. तुम्ही कॉलनीवाल्या आहात, म्हणून सुरुवात कॉलनीतून नको, जुन्या वस्तीतून करा. तिथल्या ओट्यावर बसा. मालवी येत असेल तर बोला, येत नसेल तर नीट ऐका. मोडकीतोडकी मालवी ओढूनताणून बोलू नका, लोकांना ती नक्कल वाटते. चिप्सच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायका संध्याकाळीच घरी भेटतात. त्यांच्या वेळेला तुम्ही जा, तुमच्या वेळेला त्यांना बोलावू नका. आणि मराठी घरांत शेवटी जा. ती रागावणार नाहीत. एखाद्या वर्षी गणपतीच्या आरतीला कमी दिसलात तरी समजून घेतील.

आरक्षणाचं पटकन सांगतो, कारण त्यावर तुमचा ताबा नाही. मध्य प्रदेशात नगरीय निकायांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या जागा वेगळ्या ठरतात, आणि त्यांतही निम्म्या महिलांच्या. 2022 मध्ये ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे महिन्यात निकाल आल्यावर आरक्षण नव्याने काढावं लागलं होतं. निवडणूक तोंडावर असतानाही वार्डाचा प्रवर्ग बदलू शकतो, हे त्यावरून ध्यानात घ्या. तुमचा वार्ड तुम्हाला न लागणाऱ्या प्रवर्गात गेला तर काय? पार्षद होण्यासाठी वय 21 पूर्ण आणि नाव त्याच नगर परिषदेच्या मतदार यादीत असावं लागतं. राहत्या वार्डातूनच उभं राहण्याची सक्ती नाही. म्हणून शेजारच्या वार्डाचीही वही आतापासून ठेवा. फक्त प्रस्तावक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा, ज्या वार्डातून लढायचं तिथलाच मतदार घ्या. आणि निवडून आलात तर खुर्चीवर तुम्हीच बसा. पार्षदबाई घरात आणि सही-शिक्का, बैठक, फोन सगळं यजमानांच्या हातात, हे चित्र मी अनेक गावांत पाहिलं आहे आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं. बायकांना हक्क मिळायला इतकी वर्षं लागली. तो घरातल्या घरात परत देऊन टाकू नये.

आता वचनांकडे येतो. इथे मी जरा थांबतो, कारण चांगली माणसं इथेच फसतात.

नगर परिषदेची तिजोरी कशी भरते ते आधी समजून घ्या. संपत्ती कर आणि जलकराची वसुली लहान गावात अर्धीमुर्धीच होते. मोठा आधार राज्य शासनाकडून येणाऱ्या चुंगी क्षतिपूर्तीचा. जकात बंद झाली त्याची भरपाई म्हणून हे पैसे दर महिन्याला येतात, पण पंपांची आणि रस्त्यावरच्या दिव्यांची वीजबिलं थकली की ती त्यातूनच कापली जातात, आणि मग पगाराचीच ओढाताण सुरू होते. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी येतो, त्याचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो. त्यातून चौक सुशोभित करता येत नाही. म्हणून वचन देण्याआधी सीएमओ (मुख्य नगरपालिका अधिकारी) साहेबांकडून मागच्या तीन वर्षांचं अंदाजपत्रक मागा. दिलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ते वाचल्यावर "वार्डातले सगळे रस्ते सिमेंटचे करू" हे वाक्य तुमच्या तोंडून निघणारच नाही.

दुसरी गोष्ट कॉलन्यांची. इंदूरभोवतीच्या गावांत निम्मं भांडण याचंच असतं. कॉलनायझर प्लॉट विकून निघून गेला, ड्रेनेज अर्धवट, पाण्याची टाकी कोरडी, आणि लोक नगर परिषदेच्या दारात. नगर परिषद म्हणते, कॉलनी आमच्याकडे हस्तांतरित झालेलीच नाही. दोघांचंही खरं असतं. तुमच्या वार्डातल्या प्रत्येक कॉलनीबद्दल तीन गोष्टी शोधून काढा: नगर तथा ग्राम निवेशची (नगररचना विभागाची) मंजुरी आहे का, विकास परवानगी आहे का, आणि हस्तांतरण झालं आहे का. परवानगी देताना कॉलनायझरकडून काही प्लॉट हमी म्हणून गहाण ठेवून घेतलेले असतात. कामं पूर्ण झाल्याशिवाय ते सोडायचे नसतात. ते अजून गहाण आहेत, की कामं अपुरी असतानाच सोडून दिले? एवढा एक प्रश्न कागदावर विचारणारा पार्षद वार्डाला जे मिळवून देतो, ते दहा भाषणांतून मिळत नाही. कॉलनी अवैध असेल तर तिथल्या लोकांना खरं सांगा: नियमितीकरणाची प्रक्रिया काय आहे, विकास शुल्क किती पडू शकतं, आणि तोपर्यंत नगर परिषद काय देऊ शकते. लोकांना कडू बोलणं चालतं. पाच वर्षं फिरवलेलं चालत नाही.

तिसरी गोष्ट पाणी आणि मैला. ही सांगताना मला भागीरथपुरा आठवतो. सलग आठ वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलेलं आपलं इंदूर. त्याच शहरातल्या या वस्तीत डिसेंबर 2025 च्या अखेरीस पिण्याच्या पाण्याच्या लाइनीत घाण पाणी मिसळलं आणि माणसं दगावली. लोक त्याआधीपासून म्हणत होते की नळाला वास येतो आहे. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून विंध्याचा चढ चढवून एवढ्या लांब आणायचं, आणि शेवटच्या गल्लीत ते चेंबरमधून जाणाऱ्या लाइनीत नासू द्यायचं, हे होऊ न देणं पार्षदाचं काम आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती वार्डात पाण्याची लाइन कुठून जाते, ड्रेनेजची कुठून, आणि दोन्ही कुठे एकमेकींना ओलांडतात याची माहिती. उपयंत्र्याला (नगर परिषदेच्या अभियंत्याला) सोबत घेऊन एकदा सगळा वार्ड पायी फिरा आणि कागदावर खुणा करा. नळाला वास येतो अशी तक्रार आली की त्याच दिवशी पाण्याचा नमुना द्यायला लावा, तक्रारीची पोच घ्या, सीएम हेल्पलाइन 181 वर नोंद करा आणि पाण्याचा दुसरा बंदोबस्त होईपर्यंत घरी जाऊ नका. मला विचाराल तर तुमच्या पत्रकावर हे एकच वचन पहिल्या ओळीत असावं.

एकूण वचनं तीनच द्या, आणि ती ठिकाणासह: अमुक मंदिरामागचं तुंबणारं चेंबर, तमुक शाळेपासून चौकापर्यंतचे बंद दिवे, असं. पावसाळ्यात पुन्हा जाऊन पाहता येईल असं प्रत्येक वचन असावं.

कागदपत्रांत गुंतागुंत फार नाही, पण हलगर्जी चालत नाही. नाम निर्देशन पत्रासोबत शपथपत्र लागतं: गुन्हेगारी प्रकरणं, संपत्ती, कर्ज, शिक्षण. नगर परिषदेचा संपत्ती कर आणि जलकर भरून अदेय प्रमाणपत्र, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, घ्या, आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवसांत तिथे एवढी गर्दी असते की बाबू जागेवर सापडत नाही. तुमचं किंवा भागीदारीत असलेलं नगर परिषदेचं कोणतंही कंत्राट चालू असेल तर आधी वकिलाला दाखवा, त्यावरून अपात्रता येऊ शकते. 2022 मध्ये नगर परिषदेच्या पार्षदाची अनामत 1000 रुपये होती, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना निम्मी. छाननीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि दुसऱ्यांचे अर्जही वाचा. शपथपत्रातला एकही रकाना रिकामा सोडू नका. लागू नसेल तिथे "लागू नाही" लिहा.

पैशाची तुम्हाला धास्ती आहे. 2022 मध्ये नगर परिषदेच्या पार्षदासाठी खर्चाची मर्यादा 75 हजार रुपये होती. इंदूर निगमच्या पार्षदासाठी ती 8 लाख 75 हजार होती. शहरातला उमेदवार ज्या पद्धतीने लढतो ती तुमच्यासाठी नाहीच. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडा, प्रत्येक बिल ठेवा आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्या, जिंकलात तरी आणि हरलात तरी. खर्च कशावर करायचा? पत्रकं, चिन्ह सगळ्यांच्या नजरेत बसावं म्हणून छोटे छापील कागद, मतदारांच्या पर्च्या, तीन-चार दिवसांची एक लाउडस्पीकर रिक्षा, बूथवरच्या मुलांचं जेवण. छापील प्रत्येक कागदावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव घाला. परवानगीशिवाय कुणाच्या भिंतीवर काही चिकटवू नका, संपत्ती विरूपणाचा (भिंती-मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा) कायदा आपल्याकडे 1994 पासून आहे आणि तक्रार करणारा शेजारीच असतो. अपक्ष राहिलात तर चिन्ह फार उशिरा मिळतं, मतदानाला जेमतेम काही दिवस उरलेले असतात. त्या दिवसांत तुमच्या नावापेक्षा चिन्हच जास्त फिरलं पाहिजे, विशेषतः वृद्ध बायकांमध्ये.

मतदानाच्या आदल्या रात्री साड्या, दारू, पाकिटं फिरतील. तुमचेच कार्यकर्ते येऊन म्हणतील, "ताई, पलीकडून वाटप सुरू झालं, आपण गप्प बसलो तर गेलो." एक रुपया देऊ नका. लाच देणं हा गुन्हा आहे, हे झालंच. पण जो मत विकत घेतो त्याच्याकडे पुढची पाच वर्षं लोक काम मागायला जाऊ शकत नाहीत. त्यांचा हिशोब त्याच रात्री मिटलेला असतो. तुम्हाला लोकांनी हक्काने दार वाजवावं असं वाटत असेल तर हे मिंधेपण मध्ये येऊ देऊ नका. मी अशा उमेदवारांचं काम केलं आहे ज्यांनी काही वाटलं नाही. त्यांतले काही हरले. जिंकले त्यांनी काम करताना कुणापुढे मान खाली घातली नाही.

पक्षाचं तिकीट घ्यावं का? मिळत असेल आणि पक्ष मनाला पटत असेल तर जरूर घ्या, त्यामागे बांधलेली मतं आणि बूथवरची माणसं येतात. पण तिकिटाच्या आशेवर यादीचं काम थांबवू नका. बी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, शेवटच्या तासाला कुणाच्या हातात पडेल हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. लहान गावात अपक्ष निवडून येतात, कारण तिथे मतदार उमेदवाराला रोज भाजीबाजारात पाहत असतो. अध्यक्षपदाचं गणितही बदललं आहे. 2022 मध्ये नगर परिषदांचे अध्यक्ष पार्षदांनी आपल्यातून निवडले होते, आणि मग निवडून आलेल्या अपक्षांना कुठेतरी नेऊन ठेवण्याचे प्रकार गावोगाव झाले. 2025 मध्ये कायदा बदलला आणि आता अध्यक्ष थेट जनतेतून निवडायचे आहेत. त्यामुळे तुमच्या वार्डात लोक दोन मतं देतील, आणि अध्यक्षाच्या उमेदवाराच्या लाटेत पार्षदाचंही बटण त्याच पक्षाचं दाबण्याचा कल राहील. अपक्षाला हे जड जाईल. उपाय एकच, लोकांना आतापासून सांगत राहा: "वर कुणालाही निवडा, वार्डाचं मत वेगळं द्या."

मतदानाच्या दिवशी तुमची जागा बूथबाहेर फिरत राहण्याची नाही. आदल्या रात्रीच प्रत्येक बूथचा मतदान अभिकर्ता ठरलेला असावा, आणि तो असा की जो गल्लीतल्या माणसांना चेहऱ्याने ओळखतो. त्याने सकाळी मॉक पोलला, म्हणजे मशीनच्या चाचणी मतदानाला, वेळेवर पोचायचं, मशीन शून्य झालेलं पाहायचं, आणि संध्याकाळी एकूण मतांचा आकडा लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही. बाहेर वही घेऊन एक माणूस बसवा. दुपारी बारा वाजता नक्की आपल्या घरांपैकी कोण आलं नाही ते त्या वहीवरून कळतं, आणि मग एकेका गल्लीची बाई त्या घरी जाते. 2022 सारखं मतदान जुलैत पडलं तर पाऊस असणार. दुपारनंतर आभाळ भरलं की म्हातारी माणसं घराबाहेर निघत नाहीत, म्हणून त्यांना सकाळच्या पहिल्या दोन तासांतच यायला सांगा. त्यांना गाडीत घालून आणू नका. मतदारांना वाहनाने ने-आण करणं नियमात बसत नाही. छत्री धरून चालत सोबत या, तेवढं पुरतं.

शेवटी यजमानांचं. तुम्ही निवडणूक लढवण्यात त्यांच्या नोकरीची आडकाठी नाही. पण शासकीय सेवकाला प्रचार करता येत नाही, आणि आचरण नियमांत यावर कारवाई होऊ शकते. त्यांनी तुमच्यासोबत घरोघर येऊ नये, तुमचा मतदान किंवा मतगणना अभिकर्ता होऊ नये, शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं पत्रक टाकू नये, आणि तुमच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो नसावा. शिक्षक असल्यामुळे त्यांची निवडणुकीत ड्यूटी लागण्याची शक्यता मोठी आहे. पत्नी उमेदवार आहे हे त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवावं, म्हणजे तुमच्या वार्डाच्या बूथवर त्यांची नेमणूक होणार नाही. ड्यूटी दुसरीकडे लागली तर स्वतःचं मत कसं द्यायचं याची व्यवस्थाही तिथेच वेळेत विचारून घ्यावी. आणि घर, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास हे सगळं त्या दीड-दोन महिन्यांत त्यांच्याकडे सोपवा. याला कोणताच नियम आड येत नाही.